बू... बीप!

सेकंड इयरच्या सबमिशनमध्ये ज्याचं ब्रेडबोर्डवरचं साधं काउंटर सर्किट एकदाही चारच्या पुढे मोजू शकलं नाही, त्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर चालू केला असं सांगितलं, तर तुम्ही हसाल. हसा बापडे. आमच्या हॉस्टेलच्या विंगमध्ये तर हसून झालंय. पण गोष्ट खरी आहे, आणि त्यात माझं कर्तृत्व किती नि दुसऱ्याचं किती, हे पुढे कळेलच.

तर झालं असं की, २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला घरी गेलो होतो. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी शाळेचा एक दाखला हवा होता, म्हणून शाळेत गेलो. सुट्टी असली तरी ऑफिस उघडं होतं. व्हरांड्यात बघतो तर भंगाराचा ढीग लावलेला. मोडके बाक, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, मेलेले सीआरटी मॉनिटर, आणि त्यांच्या खाली दबलेले तीन मळकट क्रीम रंगाचे डबे. पुढे काळा कीबोर्ड, वरच्या ओळीत दहा लाल बटणं, आणि पट्टीवर ठिपक्याठिपक्यांचं एक घुबड.

"मामा, हे काय आहे?" मी शिपाईमामांना विचारलं.

"बीबीशी," मामा म्हणाले. "तुमच्या जन्माच्या आधीचं. शाळा उघडली की ई-कचऱ्याची गाडी येनार हाय, त्यात जानार."

बीबीसी म्हणजे रेडिओवाली बीबीसीच. ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा उपक्रम काढला, तेव्हा केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने त्यासाठी हे मशीन बनवलं. साल १९८१. प्रोसेसर ६५०२, वेग २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ किलोबाइट. म्हणजे सकाळी सकाळी मावशीकडून येणारा 'शुभ प्रभात'चा एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण याच एकॉर्नमधल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे 'आर्म' प्रोसेसर डिझाइन केला, आणि त्याची पहिली चिप १९८५ मध्ये चालू झाली ती या बीबीसी मायक्रोलाच जोडून. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आज जो आर्म आहे, त्याचं बारसं या क्रीम रंगाच्या डब्याच्या मांडीवर झालंय म्हणा ना.

साताऱ्याच्या शाळेत तो कसा आला? १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांना त्यात बीबीसी मायक्रो मिळाले. आमची शाळा त्यातली एक. आणि ते सांभाळायची जबाबदारी पडली आमच्या गणिताच्या सरांवर. मी शाळेत गेलो तोपर्यंत सर केव्हाच रिटायर झाले होते, पण दर वर्षी गणित दिनाला पाहुणे म्हणून यायचे आणि भाषण न करता फळ्यावर एक कोडं घालून निघून जायचे. आम्हाला माहीत असलेले सर ते एवढेच.

मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, "बाई, यातला एक मी चालू करून बघू का?"

बाई म्हणाल्या, "बघ. पण सुट्टी संपेपर्यंतच. चालला तर ग्रंथालयात ठेवू. नाही चालला तर गाडीत घालायचा. मला पुन्हा कपाटात काही नकोय."

म्हणजे हातात बारा दिवस. (आपल्याकडे सेमिस्टरचा प्रोजेक्ट यापेक्षा कमी दिवसांत होतो, ही गोष्ट वेगळी.)

मामांकडून सरांचा नंबर घेतला आणि उत्साहात फोन लावला. सर पलीकडून शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण एक लक्षात ठेव. लगेच चालू करू नकोस. आधी उघड, पॉवर सप्लाय बघ, मग मला फोन कर."

"हो सर," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता खरं सांगायचं तर इथेच माझी पहिली केटी लागली. तीनपैकी सगळ्यात स्वच्छ दिसणारा डबा उचलला, फडक्याने पुसला, शाळेच्या लॅबमध्ये टेबलावर ठेवला. मनात म्हटलं, एकदा नुसतं बघू तरी. बटण दाबलं. आतून 'बूऽऽऽ' असा एकसुरी आवाज सुरू झाला. मला इतका आनंद झाला की विचारू नका. जिवंत आहे! मी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलो. व्हिडिओ साधारण दीड मिनिटाचा आहे. त्याच्या शेवटी 'फट्' असा आवाज येतो, डब्याच्या डाव्या बाजूने पांढरा धूर निघतो, आणि मामा पाण्याची बादली घेऊन धावत येताना दिसतात. "मामा, पाणी नको! पाणी नको!" हे माझे शब्द त्यात स्पष्ट ऐकू येतात. हा व्हिडिओ आता आमच्या विंगमध्ये फार लोकप्रिय आहे.

लॅबभर कुजलेल्या माशासारखा वास. बाई दारात उभ्या. काही बोलल्या नाहीत, पण भंगाराच्या ढिगाकडे एकदा बघितलं.

संध्याकाळी घाबरत घाबरत सरांना फोन केला. वाटलं, आता बसणार. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "तुला लागलं नाही ना?" आणि मग, "धूर यायच्या आधी आवाज आला होता का? कसा होता? करून दाखव."

मी फोनवर 'बूऽऽऽ' असं करून दाखवलं. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

"आणि मध्येच थांबून बीप?"

"नाही सर. नुसतं बू."

"बरं. ते नंतर बघू. उद्या प्लग काढून पॉवर सप्लाय उघड."

झालं होतं ते असं. पॉवर सप्लायच्या तोंडाशीच, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, दोन कपॅसिटर असतात. सप्लायमधला हाय फ्रिक्वेन्सीचा गोंगाट घरच्या लाइनमध्ये जाऊ नये म्हणून. त्या काळातले हे कपॅसिटर धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे, वर पारदर्शक पिवळसर इपॉक्सी. वर्षं गेली की इपॉक्सीला बारीक तडे जातात, तड्यातून हवेतली ओल आत शिरते, कागद ती पितो. मग एक दिवस कोणीतरी शहाणा २३० व्होल्ट देतो, आणि फट्. साताऱ्याचा पाऊस आणि बंद कपाट, असे तीसेक पावसाळे त्या कागदाने प्यायले होते. नुसतं उघडून बघितलं असतं तरी तडे डोळ्यांना दिसले असते. दुसऱ्या दिवशी दिसले, फुटून राहिलेल्या अर्ध्या तुकड्यावर.

मी फोटो काढून सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर नाही. अजून दोन पाठवले. दोन निळ्या रेघासुद्धा आल्या नाहीत. मनात म्हटलं, रागावलेत.

सकाळची एसटी पकडून पुण्याला आलो, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक्स-टू प्रकारचे, २७५ व्होल्ट एसीचे दोन कपॅसिटर घेतले, एक ०.१ मायक्रोफॅरॅडचा आणि एक ०.०१ चा. संध्याकाळी परत. एसटीचं भाडं कपॅसिटरच्या कितीतरी पट झालं. सोल्डरिंगला वीस मिनिटं लागली. ज्युनिअर्ससाठी इथे एक सूचना: प्लग काढला म्हणजे काम झालं असं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर २३० चे रेक्टिफाय होऊन सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठलेले असतात. मल्टिमीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. मला हे सरांनी फोनवर दोनदा म्हणायला लावलं.

मग बटण दाबलं. मीटरवर ४.९८ व्होल्ट. धूर नाही. आणि आवाज? बूऽऽऽऽऽ. तोच. थांबायचं नाव नाही.

टीव्ही जोडावा म्हटलं तर या मशीनचं व्हिडिओ आउटपुट बीएनसी सॉकेटवर. तो कनेक्टर आता फक्त सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळतो. राजवाड्याजवळच्या एका दुकानातून कन्व्हर्टर आणून घरचा जुना टीव्ही जोडला. स्क्रीनवर नुसता कचरा. त्याचाही फोटो सरांना पाठवला. उत्तर नाही.

शेवटी सरळ त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. सर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, रेडिओ लावलेला. मी पुढे जाऊन पाया पडलो, तर त्यांनी माझ्या खांद्याच्या बाजूला बघून विचारलं, "कोण?"

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांचा. उजेड कळतो, माणूस हलला तर सावली कळते, बाकी नाही. काकू म्हणाल्या, "फोन वाजला की बटण अंदाजाने दाबतात. मेसेज मी अधूनमधून वाचून दाखवते, पण फोटोचं काय सांगणार मी त्यांना? मला काय कळतंय त्यातलं?"

मी चार दिवस एका न दिसणाऱ्या माणसाला फोटो पाठवत होतो, आणि वर ते रागावले म्हणून मनात कुढत होतो. खुर्चीत बसल्या बसल्या मला इतकं लाजल्यासारखं झालं की चहासुद्धा तसाच गार झाला.

सर मात्र थेट मुद्द्यावर. "बू थांबत नाही म्हणजे काय, सांग."

"माहीत नाही सर."

"मायक्रोप्रोसेसर शिकलास ना? विचार कर. त्यातली साउंड चिप वेडी आहे. करंट मिळाला की कोणी न सांगता ओरडायला लागते. तिला गप्प कोण करतं?"

मी म्हटलं, "प्रोग्राम. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम."

"बरोबर. सुरू झाल्या झाल्या ती साउंड चिपला गप्प करते, आणि सगळं ठीक असलं तर स्वतः एक बीप देते. म्हणून बरा असलेला बीबीसी म्हणतो, बू... बीप. तुझा नुसता बू म्हणतोय. याचा अर्थ?"

"प्रोसेसर प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाहीये."

"मग पोहोचायची वाट कुठे अडली ते बघ."

मित्रहो, ८०८५ च्या पेपरला मला चांगले मार्क होते. रिसेटनंतर प्रोसेसर कुठून सुरू होतो, हे मी तीनदा लिहिलंय. पण तो 'सुरू होतो' म्हणजे खरोखर एका चिपचे पाय दुसऱ्या चिपशी बोलतात, आणि पाय काळे पडले असतील तर बोलणं होत नाही, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं. ६५०२ रिसेट झाला की पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाला जातो, एफएफएफसी आणि एफएफएफडी या दोन जागांवरून पहिला पत्ता उचलतो. त्या जागा रॉममध्ये. रॉम सॉकेटमध्ये बसवलेली. आणि सॉकेटमधले तिचे पाय बघितले, तर काळेकुट्ट.

डब्याचे स्क्रू कुठले काढायचे हे कंपनीने पाठीमागे आणि पोटाखाली 'फिक्स' असं छापूनच ठेवलंय. ते उघडले, रॉम पातळ स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचलून काढली, पाय साध्या खोडरबरने घासले, परत बसवली. सॉकेटमधल्या बाकीच्या चिप्सचंही तेच केलं. मग सरांना फोन लावून मोबाइल कीबोर्डजवळ ठेवला आणि बटण दाबलं.

बू... बीप.

पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग सर म्हणाले, "परत कर." मी परत केलं. "अजून एकदा." पाच वेळा करायला लावलं त्यांनी. काकू मागून विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

इथे लेख संपायला हवा होता. पण स्क्रीनकडे बघितलं आणि माझा चेहरा पडला. जिथे मशीनचं नाव आणि मेमरी यायला हवी तिथे काहीतरी भलतंच. 'बीबीसी'चं 'बीबीबी' झालेलं. 'कॉम्प्युटर'मध्ये सीच्या जागी बी, ओच्या जागी एन, एमच्या जागी एल, यूच्या जागी टी. बत्तीसच्या जागी बावीस, आणि केच्या जागी जे. मधली काही अक्षरं मात्र ठणठणीत. पी, टी, आर जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी सर रिक्षाने शाळेत आले. मामांनी हात धरून लॅबपर्यंत आणलं. पायरीजवळ आल्यावर सरांनी मामांचा हात सोडला. तिथल्या तीन पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. मी वरचा सगळा प्रकार वाचून दाखवला. सर म्हणाले, "आस्की कोड पाठ आहेत?"

"नाही सर."

"कागद घे आणि लिही. कॅपिटल बी ६६, सी ६७. स्मॉल एन ११०, ओ १११."

लिहिता लिहिता दिसायला लागलं. सी ६७ चा बी ६६ झाला. ओ १११ चा एन ११०. के ७५ चा जे ७४. जेवढे विषम आकडे तेवढे एकने कमी झालेत. सम आहेत ते तसेच. म्हणजे शेवटचा बिट, बिट शून्य, कायम शून्यावर अडकलाय!

"पण कुठे अडकलाय?" सर म्हणाले. "मेमरीत, का मेमरीतून स्क्रीनकडे जाणाऱ्या वाटेत?"

मी म्हटलं, "मेमरीत एखादा आकडा ठेवून परत छापून बघतो." आणि मग लक्षात आलं की छापला तरी तो याच बिघडलेल्या स्क्रीनवर छापणार. २५५ छापला तरी २४४ दिसणार, २५४ छापला तरी २४४ च दिसणार. स्क्रीन खोटं बोलतेय, आणि खरं-खोटं विचारायचं तर तिलाच. मी हात टेकले.

सर हसले. "मला स्क्रीन दिसत नाही म्हणून बरं आहे बघ. तुला दिसते म्हणून तू तिलाच विचारतोयस. व्हीडीयू सात म्हणजे काय?"

लॅबच्या कपाटात जुनं युजर गाइड होतं. शोधलं. व्हीडीयू ७ म्हणजे घंटा. बीप.

मग सरांनी तोंडी सांगितलं तसं मी टाइप केलं. हेक्स पत्ता २००० वर ७ हा आकडा ठेवला, आणि मशीनला सांगितलं की त्या पत्त्यावर जे असेल ते व्हीडीयूला दे. बीप वाजला. आता तेच पत्ता ६००० वर. ७ ठेवला, परत मागितला. शांतता. पुन्हा केलं. शांतता. तिथे ठेवलेल्या सातचा सहा होत होता, आणि सहाला आवाज नसतो.

म्हणजे स्क्रीनकडची वाट निर्दोष. दोष मेमरीत, आणि तोही वरच्या १६ किलोबाइटमध्ये. या मशीनमध्ये मेमरीच्या सोळा चिप्स, आठ-आठच्या दोन रांगा, एका चिपमध्ये एकेक बिट. एक रांग निश्चित, बिट निश्चित. सोळांपैकी चिप एकच उरली. डीएसओ नाही, लॉजिक ॲनालायझर नाही. एक आकडा आणि एक घंटा. मी सरांकडे बघत राहिलो. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, पण चेहऱ्यावर, परीक्षेत कोडं सुटलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतं तेच.

चिप बोर्डला सोल्डर केलेली होती. अशा चिप्स आता दुकानात मिळत नाहीत, पण भंगारात अजून दोन भाऊ होतेच. त्यातल्या एकाचा बोर्ड एका बाजूने गंजून गेलेला. त्याची चिप काढायला मी गरम इस्त्रीसारखं सोल्डरिंग वापरलं, कारण त्या बोर्डाचं काही होवो. आपल्या बोर्डावर मात्र उलट: खराब चिपचे सोळा पाय आधी कटरने कापले, मग एकेक पाय हळूच काढला, शिसं ओढून भोकं मोकळी केली, आणि तिथे सॉकेट बसवलं. याला अख्खी दुपार गेली. बटण दाबलं. बू, बीप, आणि स्क्रीनवर बत्तीस के. मी मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षर न् अक्षर.

मग सरांनी खिशातून एक कॅसेट काढली. कव्हरवर बॉलपेनने लिहिलेलं पुसट झालेलं: पाढे, १९८६.

या मशीनचे प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर ठेवायचे. शून्य म्हणजे १२०० हर्ट्झचा एक फेरा, एक म्हणजे २४०० हर्ट्झचे दोन. ऐकलं तर किंचाळल्यासारखं वाटतं. घरचा टेपरेकॉर्डर आणला तर त्याचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. तो बदलला, डिन प्लगची केबल जोडली, टेप सुरू केली. स्क्रीनवर 'शोधतोय' आलं, 'लोड होतोय' आलं, आणि दुसऱ्याच ब्लॉकला 'डेटा?' असं प्रश्नचिन्ह. रिवाइंड कर म्हणतोय. तीन वेळा तेच.

"हेडजवळचा छोटा स्क्रू असतो," सर म्हणाले. "टेप चालू ठेव, स्पीकरवर आवाज येऊ दे, आणि स्क्रू अगदी जरासा फिरव."

मी फिरवत होतो आणि सर डोळे मिटून ऐकत होते. "अजून. अजून. थांब, मागे. आवाज बोथट झाला. हां... इथं धार आली. सोड." मला दोन्हींतला फरक जेमतेम कळत होता.

चौथ्यांदा लोड झाला. पाढ्यांची प्रश्नमंजुषा. सात आठे? छप्पन्न टाकलं की उंच सूर, चुकलं की जाड. मी मुद्दाम दोन-तीनदा चुकलो. सरांना ऐकू यावं म्हणून.

"हा कोणी लिहिला सर?"

"नववी ब मधल्या एका मुलाने. रेमच्या ओळीत नाव असेल." होतं. सर म्हणाले, "आता प्रोग्रामची लिस्ट काढ आणि आरएनडी कुठे आहे बघ. कंसात किती आहे?"

"नऊ."

"म्हणजे एक ते नऊच आकडे येणार. दहाने गुणायला तो कधीच विचारत नाही. पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, सांगायचं नाही, त्याचं त्याला सापडू दे. त्यात मजा आहे. पुढच्या आठवड्यात वडिलांची बदली झाली आणि पोरगा गेला." सर थोडा वेळ गप्प बसले. "सांगायला हवं होतं का रे?"

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. मी आपला माझ्या सवयीने म्हणालो, "सर, मी आत्ता दुरुस्त करतो. एका सेकंदाचं काम आहे."

"परत तेच," सर म्हणाले. "आधी बटण दाबायचं, मग बघायचं. पहिल्यांदा टेप आहे तशी उतरवून घे. चुकीसकट. मग पुढचं."

टेपवरचा डेटा म्हणजे शेवटी आवाजच. तो मी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतला. दोन कॉपी केल्या. प्रोग्रामला हात लावला नाही.

शाळा उघडली. गाडी आली, दोन डबे गेले, एक राहिला. बाईंनी शब्द पाळला. ग्रंथालयात खिडकीजवळ टेबल टाकलं. मी पुण्याला परत यायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत सहावीच्या मुलांना तो दाखवला. पोरं आधी त्याला माउस शोधत होती, मग स्क्रीनला बोटं लावून बघितली. मग पाढे सुरू झाले आणि रांग लागली. घंटा झाली तरी एक मुलगी हलेना. बऱ्याच प्रश्नांनंतर तिने माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, हा दहाचं का विचारत नाही? ते तर सगळ्यात सोपं असतं."

मी तिथूनच सरांना फोन लावला.

"तू सांगितलंस तिला?" सरांचा पहिला प्रश्न.

"नाही सर. शप्पथ. तिनेच विचारलं."

"मग तिलाच करू दे. फोन चालू ठेव."

मी तिला लिस्ट काढून दिली. तिने ओळी वाचत वाचत बोट खाली आणलं, नऊपाशी थांबली, माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिने ती ओळ पुन्हा सगळी टाइप केली, एका एका बोटाने, आणि कंसात दहा लिहिलं. प्रोग्राम सुरू केला. पाच प्रश्न गेले, सहा गेले. सातव्याला स्क्रीनवर आलं: चार गुणिले दहा.

तिने चाळीस टाकले. उंच सूर वाजला. फोनमधून सर म्हणाले, "आला वाटतं."